घरासाठी प्रिंटर घेताय? या चुका टाळा

"प्रिंटर कोणता घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, महिन्याला पानं किती काढणार आणि दोन प्रिंटमध्ये खंड किती दिवसांचा? याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. बजेट मात्र ठरलेलं असतं, आणि तिथेच सगळं बिघडतं.

दुकानातला सगळ्यात स्वस्त प्रिंटर उचलणं ही नेहमीची चूक. स्वस्त इंकजेट, म्हणजे पातळ शाई फवारून छापणारा प्रिंटर, यंत्राच्या किमतीपेक्षा काट्रिजवर, म्हणजे शाईच्या डबीवर, जास्त पैसे खातो. छोटं काट्रिज शंभर-दोनशे पानांत संपतं, साध्या लेसर प्रिंटरचा टोनर, म्हणजे शाईऐवजी वापरायची पूड, हजार पानांच्या आसपास किंवा पुढे जातो, आणि इंक टँकची, म्हणजे बाटलीने शाई भरायच्या इंकजेटची, काळी बाटली कित्येक हजार पानं पुरते. टोनरच्या खोक्यावरचा आकडा पानाचा साधारण 5 टक्के भागच छापला जाईल असं धरलेला असतो, म्हणजे एखादं छोटं पत्र. मुलांच्या प्रोजेक्टमधली भरगच्च चित्रं त्यात धरलेली नसतात. बऱ्याच लेसरसोबत येणारा पहिला टोनर कमी भरलेला असतो, तेही विचारून घ्या. काट्रिजची किंमत भागिले पानं, एवढा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय मी स्वतः काही घेत नाही. तिन्ही रंग एकाच काट्रिजमध्ये असतील तर सरळ पुढे चला, कारण पिवळा संपला की उरलेले दोन रंगही फेकावे लागतात.

याच्या उलट टोकाची चूक मला जास्त छळते. वर्षातून चार वेळा प्रिंट काढणारी माणसं "पानामागे खर्च काहीच नाही" म्हणून इंक टँक घेतात. शाई पातळ, नोझल म्हणजे शाई फवारणारी छिद्रं केसाहून बारीक, आणि वापर नसला की शाई तिथेच सुकते. माझ्या मावसबहिणीने हेच केलं. वर ती प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करायची. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की हेड, म्हणजे ही छिद्रं असलेला भाग, कडेला जाऊन रबरी टोपीवर नीट बसतं. मधेच वीज तोडली तर ते उघडं राहू शकतं. सुट्टीनंतर पानं कोरी यायला लागली, तेव्हा तिने एका संध्याकाळी नऊ वेळा हेड क्लीनिंग चालवलं. मग मला फोन आला, "दादा, टाकी अर्ध्यावर आली, पण काळं काही उमटत नाही." क्लीनिंगमध्ये शाई ओढून आतल्या स्पंजमध्ये सोडली जाते. तो स्पंज भरला की यंत्र चालायला नकार देतं, आणि तिचंही तेच झालं.

माझी सवय अशी: आधी नोझल चेक, म्हणजे कोणता रंग उमटतो ते दाखवणारं चाचणीचं पान, मग फार तर दोनदा क्लीनिंग, आणि मग रात्रभर हात लावायचा नाही. सुकलेली शाई भिजायला वेळ लागतो, तो लोक देतच नाहीत. आणि इंकजेट असेल तर आठवड्याला एक रंगीत पान काढायचंच. बहिणीकडे आता काळा-पांढरा लेसर आहे. टोनर ही कोरडी पूड, महिनाभर पडून राहिली तरी सुकायचा प्रश्न नाही. रंगीत पान लागलं तर ती बाहेरून काढून आणते, आणि क्वचित छापणाऱ्याने तसंच करावं असं माझं ठाम मत आहे.

लेसर यूपीएसवर लावू नका. आतला फ्यूझर, म्हणजे पूड तापवून कागदावर पक्की करणारा भाग, साधारण 200 अंशांपर्यंत तापतो आणि त्या क्षणी वीज जोरात ओढतो. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर लेसरमध्ये कधीही घालू नका, त्याचा लेप वितळून फ्यूझरला चिकटतो. वाय-फाय जोडलं जात नसेल तर प्रिंटरला शिव्या घालण्याआधी राउटरवर 2.4 गिगाहर्ट्झचं वाय-फाय चालू आहे का बघा, कारण बरेच घरगुती प्रिंटर फक्त त्यावरच चालतात. कागद उघडा ठेवला की ओल धरतो आणि अडकतो, म्हणून रीम बंद ठेवा. अडकलाच तर प्रिंटर बंद करून दोन्ही हातांनी, शक्यतो कागद पुढे सरकतो त्याच दिशेने, हळू ओढा. हिसका दिला की तुकडा आत राहतो, आणि तो काढायला अख्खी दुपार जाते.