पोरीच्या एएमएलचं वेबिल

मी एसटीत कंडक्टर, परभणी डेपोला. पोरगी सात वर्षांची असताना तिला ब्लड कॅन्सर निघाला आणि आम्ही मुंबईला, परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात आलो. तुमच्या हातात तसाच रिपोर्ट पडला असेल, तर आधी एकच विचारा: एएलएल की एएमएल? हे ब्लड कॅन्सरचे दोन प्रकार, आमच्या पोरीचा एएमएल. एएलएलचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, पण बरेचसे ओपीडीत. एएमएलचे साधारण सहा महिन्यांत आटोपतात, पण मुक्काम जवळजवळ सगळा वॉर्डात. शेजारच्या कॉटवरचं ऐकून रजा टाकू नका. मी पंधरा दिवसांची टाकली होती!

एएमएलमध्ये केमोच्या चार-पाच सायकल, म्हणजे फेऱ्या होतात. पहिलीत सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन, तेच ते लालभडक औषध. लघवी लाल झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग. पुढच्या सायकलींत सायटाराबिनचा डोस बराच मोठा असतो. त्या दिवसांत डोळ्यांत स्टिरॉइडचे थेंब घड्याळ लावून घालायचे, रात्री झोपमोड करूनसुद्धा, नाहीतर डोळे लालबुंद होऊन चुरचुरतात. आमची पोरगी डोळे घट्ट मिटायची. मग मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब ठेवायचा आणि 'उघड, बेल दिली' म्हणायचं.

वाचेल का, हे विचारायला मला आठ दिवस लागले. चांगल्या सोयी असलेल्या देशांत 100 पैकी 60 ते 70 मुलं वाचतात. आपल्याकडे कमी, कारण जंतुसंसर्ग आणि अर्ध्यात सोडलेले उपचार. पण तुमच्या लेकराचं काय, ते दोन कागद सांगतात. एक क्रोमोसोमचा रिपोर्ट: त्यात 'आठ-एकवीस' किंवा 'इन्व्हर्जन सोळा' हा बदल लिहिला असेल तर बरं, 'मोनोसोमी सात' असेल तर अवघड. दुसरा पहिल्या सायकलनंतरच्या बोन मॅरोचा (हाडातल्या मगजाचा) एमआरडी, म्हणजे किती रोग मागे उरला ते. केमोवर भागेल की दुसऱ्याचा बोन मॅरो घालायचा ट्रान्सप्लांट लागेल, हे मुख्यतः यांवरच ठरतं. एपीएल हा एएमएलचाच उपप्रकार निघाला तर गोष्टच निराळी. त्यावर आर्सेनिक आणि एट्रा ही औषधं चालतात आणि बहुतेक मुलं बरी होतात.

ट्रान्सप्लांटसाठी सख्खं भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. ट्रान्सप्लांटची शक्यता असेल तर काका-मामांनी परस्पर रक्त देऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावं. मित्रांचं चालतं. डेपोतल्या पोरांची यादी रक्तगटासकट खिशात ठेवा. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे सगळ्यांना एकदम बोलावून उपयोग नाही.

आता ताप. हे दोनदा वाचा. केमोची सायकल संपल्यावर काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा पडतो, तेव्हा न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500च्या खाली जातात आणि साध्या तापातून लेकरू काही तासांत हातचं जाऊ शकतं. काखेत थर्मामीटर लावा, गुदद्वारात कधीच नाही. 100.4 दिसला की निघा. मी चुकलो होतो: रात्री दोनला 101 दिसला, तापाचं औषध पाजलं आणि सकाळची वाट बघितली. ताप उतरला, पोरगी थंडगार पडली. थोडक्यात वाचली. अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं, आणि तापाच्या औषधाने फक्त थर्मामीटर गप्प बसतो.

म्हणून दोन सायकलींच्या मधे गावी जाऊ नका. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी नंबर लावा, सोशल वर्करला भेटा, सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड जवळ ठेवा. पावसाळ्यात दादर-परळच्या वाटेवर हिंदमाताला पाणी तुंबलं की टॅक्सीवाला नाही म्हणतो. दुसरा रस्ता दिवसा चालून बघा.

आणि वही घाला. मी वेबिलासारखी (कंडक्टर फेरीचा हिशोब लिहितो तो कागद) रेघा मारून घातली: तारीख, वेळ, ताप, काउंट, प्लेटलेट, काय खाल्लं, किती उलट्या. राउंडला डॉक्टर तीन मिनिटं थांबतात, तेवढ्यात वहीच बोलते.

उपचार संपले तरी ती जपा. डॉनोरुबिसिनचा एकूण किती डोस गेला ते त्यात लिहून घ्या. हृदयावर परिणाम वर्षांनी दिसू शकतो, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करत राहावं लागतं. आमचा पुढचा इको दिवाळीनंतर आहे.