फ्रीडराइख अ‍ॅटॅक्सिया: एमआरआयवर मज्जारज्जूची झीज कशी मोजावी

फ्रीडराइख अ‍ॅटॅक्सिया हा तोल आणि हालचाली बिघडवणारा आनुवंशिक आजार; त्यात मज्जारज्जू झिजतो. एमआरआय पाहून ‘रज्जू बारीक वाटतो’ एवढा शेरा निदानापुरता ठीक. वर्षा-दोन वर्षांत आजार किती सरकला हे सांगायला आकडा लागतो, आणि तो म्हणजे मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांपाशी रज्जूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ. या आजारात रज्जू पुढून-मागून चपटाही होतो, पण तो चपटेपणा नंतर फारसा बदलत नाही. पाठपुराव्याला क्षेत्रफळच धरा.

रज्जू १० मिमी व्यासाचा गोल मानला तर क्षेत्रफळ ७८.५ चौ. मिमी. कड चहूबाजूंनी फक्त ०.१ मिमी आत सरकली की ७५.४, म्हणजे चार टक्के गेले. व्हॉक्सेल, म्हणजे स्कॅनच्या चित्राचा सर्वांत छोटा ठोकळा, मात्र १ मिमीचा! कडेच्या व्हॉक्सेलमध्ये थोडा रज्जू, थोडे मेंदूजल अशी सरमिसळ असते. त्यामुळे स्कॅनमधला जरासा फेरफारही झीज म्हणून खपून जातो.

म्हणून पहिल्या स्कॅनलाच सगळे ठरवून टाका: तेच मशीन, तीच कॉइल (संदेश टिपणारे साधन), १ मिमीचा थ्रीडी टी-१ (टी-१ आणि टी-२ हे एमआरआय चित्रांचे दोन प्रकार). टी-२ वर क्षेत्रफळ वेगळे येते, तेव्हा मध्येच अदलाबदल नको. मान सरळ, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा, आणि डिस्टॉर्शन करेक्शन (चित्राचा वाकडेपणा काढणारी दुरुस्ती) दर वेळी चालू. स्कॅन चालू असताना गिळू नका, असे रुग्णाला आधीच सांगावे. या रुग्णांना बऱ्याचदा हृदयविकार असतो; पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर आहे का, हे अपॉइंटमेंट देतानाच विचारा. पाठीच्या बाकासाठी रॉड घातले असतील तर पाठीतला भाग धूसर येतो; मानेतला बहुधा वाचतो.

मोजणीला स्पायनल कॉर्ड टूलबॉक्स हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. ते रज्जूची कड आखते, मणक्यांना क्रमांक देते आणि क्षेत्रफळाची सरासरी काढते. क्रमांक मात्र डोळ्यांनी तपासाच. खाली, हाताच्या नसा निघतात तिथे रज्जू जाड असतो. क्रमांक दोन मणके चुकले तर झिजलेला रज्जू ‘सुधारलेला’ दिसतो. छेद १५ अंश तिरका गेला तर क्षेत्रफळ साडेतीन टक्के फुगते, म्हणून कोनाची दुरुस्ती चालू ठेवा. कड हाताने सुधारणाऱ्याला स्कॅनची तारीख कळू देऊ नका.

त्याच दिवशी सारा किंवा एमफार्स (अ‍ॅटॅक्सियाची तीव्रता तपासून गुण देण्याच्या पद्धती) गुणांकनही उरकून घ्या. टूलबॉक्सची आवृत्ती बदलली, तर जुने सगळे स्कॅन नव्या आवृत्तीत पुन्हा मोजा.