राऊटर रिसेट करताय? आधी आभाळ बघा
आमच्या रत्नागिरीत पावसात लाईट सारखी येते-जाते, त्यात राऊटर हमखास गंडतो. परवा सगळे दिवे लुकलुकत होते पण नेट नाय. अशा वेळी मागच्या रिसेटच्या भोकात टाचणी घालून १० सेकंद दाबून धरायचं, पण त्याआधी पीपीपीओईचा, म्हणजे नेट कंपनीला जोडायचा, युजरनेम-पासवर्ड लिहून ठेवा, कारण रिसेटने तो पुसला जातो, नायतर नंतर केबलवाल्याच्या पाया पडत बसाल. तरी नाय सुधारला तर फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) परत टाका, फाईल मात्र खालच्या स्टिकरवरच्या मॉडेल आणि व्हर्जनचीच, व्ही१ची व्ही२ला टाकू नका, आणि लॅन केबल लावूनच, वायफायवरून नको. मधेच लाईट गेली तर राऊटरचा दगड होतो, म्हणून मी इन्व्हर्टरवर लावूनच करतो, आणि भरून आलेलं असेल तर सरळ उद्यावर ढकलतो.