वेल्डिंग मशीनचा कॅपॅसिटर बदलताय? या चुका टाळा

जुन्या कॅपॅसिटरवर 470 मायक्रोफॅरड, 400 व्होल्ट लिहिलेलं असतं. तेच आकडे बघून नवा आणला जातो, सोल्डर होतो, मशीन चालूही होतं. मग थोड्याच दिवसांत तो पुन्हा फुगतो आणि जाताना ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा पार्ट) किंवा आयजीबीटी (करंट वेगाने चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) घेऊन जातो. आकडे जुळले म्हणजे पार्ट जुळला असं नाही. त्या जागी कॅपॅसिटरला काय काम आहे आणि जुना का मेला, हे दोन प्रश्न आधी सुटले पाहिजेत.

पण मशीन उघडण्याआधी एक गोष्ट. प्लग काढला तरी इन्व्हर्टर मशीनमधला चार्ज लगेच जात नाही. 680 मायक्रोफॅरडचे चार कॅपॅसिटर 325 व्होल्टला भरलेले असतील, तर त्यांत 140 ज्यूलच्या वर ऊर्जा असते. एवढी ऊर्जा जीव घेऊ शकते. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून डिस्चार्ज करण्याची सवय सोडा. ठिणगीने टोकं जळतात, बोर्डवरचा ट्रॅक उडतो आणि डोळ्यालाही धोका असतो. 2.2 किलोओहम, 10 वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरला जोडा, अर्धा मिनिट धरा आणि मग मीटरने व्होल्टेज मोजा. थोड्या वेळाने परत मोजा, कारण मोठा कॅपॅसिटर रिकामा केल्यावरही काही व्होल्ट परत उभे राहतात.

व्होल्टेजचा हिशोब लाइनच्या आकड्यावर करू नका

लाइन 230 व्होल्टची असली तरी रेक्टिफायरनंतर कॅपॅसिटरवर तिचं शिखर येतं, म्हणजे साधारण 325 व्होल्ट. लाइन 265 पर्यंत चढली तर तेच 375 होतात. म्हणून 250 किंवा 350 व्होल्टचा कॅपॅसिटर तिथे चालणारच नाही. 400 हा किमान आकडा, आणि जागा असेल तर मी 450 च बसवायला सांगेन. व्होल्टेज जास्त असलेला चालतो, कमी असलेला कधीच नाही.

415 व्होल्टच्या थ्री-फेज मशीनमध्ये हा आकडा 587 च्या आसपास जातो, म्हणून तिथे बहुतेकदा दोन कॅपॅसिटर सिरीजमध्ये असतात. प्रत्येकाला समांतर एक बॅलन्सिंग रेझिस्टर असतो. तो न तपासता नवे कॅपॅसिटर टाकणं ही महागात पडणारी चूक आहे. एक रेझिस्टर ओपन असला की व्होल्टेज असमान वाटलं जातं आणि एका कॅपॅसिटरवर त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त ताण येतो. सिरीजमधले दोन्ही कॅपॅसिटर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि एकदमच बदला.

रिपल करंट न बघणं

माझ्या मते सगळ्यांत जास्त कॅपॅसिटर या एका दुर्लक्षामुळे जातात. वेल्डिंग चालू असताना डीसी बसचा, म्हणजे रेक्टिफायरनंतरच्या डीसी लाइनवरचा कॅपॅसिटर सतत भरतो आणि रिकामा होतो. हा आत-बाहेर होणारा करंट म्हणजे रिपल करंट. तो कॅपॅसिटरच्या आतल्या रेझिस्टन्समधून, म्हणजे ईएसआरमधून जातो आणि उष्णता तयार करतो. टीव्हीच्या पॉवर सप्लायमधला 470 मायक्रोफॅरड, 400 व्होल्टचा कॅपॅसिटर आणि वेल्डिंग मशीनमधला तेवढाच कॅपॅसिटर यांचे आकडे सारखे असले, तरी दुसऱ्याला सोसावा लागणारा ताण कितीतरी जास्त असतो. हा आकडा सहसा अंगावर छापलेला नसतो. डेटाशीट उघडूनच बघावा लागतो. जुन्याएवढा किंवा जास्त हवा.

तापमानाचंही तसंच. 85 अंशांपर्यंतच्या रेटिंगचा कॅपॅसिटर दिसायला हुबेहूब असतो, पण आयुष्य साधारणपणे दर 10 अंशांना निम्मं होतं. आयुष्याचं तासांतलं रेटिंग सारखं असेल तर त्याच गरम खोक्यात 105 अंशांचा कॅपॅसिटर जवळपास चौपट टिकतो.

आकारावरूनही बरंच कळतं. नवा कॅपॅसिटर जुन्यापेक्षा बराच लहान किंवा हातात हलका लागला तर सावध व्हा. जुन्या किंवा कमी क्षमतेच्या कॅपॅसिटरवर नवी प्लास्टिक स्लीव्ह चढवून विकण्याचे प्रकार होतात. पायांवर सोल्डरचा अंश किंवा ओरखडे दिसले तर तो घेऊ नका.

मग जास्त मायक्रोफॅरडचा टाकला तर? जुन्याच्या 20 टक्के वरपर्यंत सहसा अडचण येत नाही. दुप्पट केला तर मशीन चालू होताना येणारा चार्जिंग करंट जास्त वेळ चालतो. सुरुवातीच्या या करंटला आवर घालणारा सॉफ्ट स्टार्टचा रेझिस्टर त्यासाठी बनवलेला नसतो.

समांतर लावलेल्या चारपैकी एकच फुगला म्हणून एकच बदलणंही चुकीचं. नव्याचा ईएसआर कमी, म्हणून रिपलचा मोठा वाटा तोच उचलतो आणि बाकीचे तीन आधीच थकलेले असतात. सगळे बदला.

पांढरा, चौकोनी कॅपॅसिटर वेगळ्या जातीचा असतो

आयजीबीटीजवळचे स्नबर कॅपॅसिटर, म्हणजे व्होल्टेजचे अचानक येणारे झटके शोषणारे, पॉलिप्रॉपिलीनचे असतात. तिथे तेवढ्याच मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर टाकला तर तो तापतो. इनपुट फिल्टरमध्ये लाइन-न्यूट्रलच्या मध्ये एक्स2 आणि लाइन-बॉडीच्या मध्ये वाय वर्गाचा कॅपॅसिटर लागतो; हे दोन्ही सुरक्षेसाठी ठरवलेले वर्ग आहेत. वायच्या जागी साधा टाकू नका. तो शॉर्ट झाला आणि अर्थिंग नीट नसेल तर मशीनच्या बॉडीत करंट येतो.

फुगला नाही म्हणजे चांगला, असं नाही

मल्टीमीटरवर मायक्रोफॅरड बरोबर दिसतात, तरी रॉड टेकवताच आर्क तुटतो किंवा रॉड चिकटतो. अशा वेळी ईएसआर मीटर लावा. उलट, बुडाशी दिसणारा पिवळसर थर नेहमी गळतीच असतो असं नाही; कंपनीने कॅपॅसिटर हलू नये म्हणून लावलेला गोंदही तसाच दिसतो. तो काढला असेल तर नव्याला पुन्हा लावा. वेल्डिंग मशीन उचललं-आपटलं जातं आणि आधार नसलेल्या जड कॅपॅसिटरचं सोल्डर तडकतं.

आता जुना का मेला ते शोधा. पंखा पूर्ण वेगाने फिरतो का? कॅपॅसिटरच्या भोवती लोखंडाची भुकटी साचली आहे का? सॉफ्ट स्टार्टच्या रिलेचे काँटॅक्ट जळालेत का? ब्रिज रेक्टिफायरमधला एखादा डायोड ओपन आहे का? तसं असेल तर मशीन अर्ध्याच वेव्हवर चालतं आणि रिपल खूप वाढतो.

कॅपॅसिटरच्या अंगावरच्या पट्टीची बाजू निगेटिव्ह, हे बोर्डवरच्या खुणेशी जुळवून घ्या. पहिल्यांदा मशीन थेट लाइनला लावू नका. 100 वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये जोडा. बल्ब एकदम पेटून मंद झाला तर कॅपॅसिटर भरले. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. बल्ब काढून थेट लाइनवर आल्यावर डीसी बस मोजा, आधी हलक्या करंटवर थोडं वेल्डिंग करा, मग नेहमीच्या करंटवर. त्यानंतर प्लग काढून, डिस्चार्ज करून प्रत्येक कॅपॅसिटरला हात लावून बघा. एखादाच शेजाऱ्यांपेक्षा जास्त गरम लागला तर मशीन गिऱ्हाइकाला देऊ नका. त्याचं सोल्डर आणि ईएसआर पुन्हा तपासा.