सेंट बार्ट्सची जेट ट्रिप सूर्यास्तापासून मागे आखा: चार्टर डेस्कवर नव्याने येणाऱ्यांसाठी

सेंट बार्ट्सला जेट विमान उतरत नाही. ग्राहकाच्या ईमेलमध्ये मात्र 'न्यूयॉर्क ते सेंट बार्ट्स, ८ जण, २७ डिसेंबर' एवढंच असतं, आणि भाड्याने विमान ठरवून देणाऱ्या या डेस्कवरचा नवा माणूस सॉफ्टवेअरमध्ये दोन विमानतळ टाकून, उड्डाणाची वेळ काढून मोकळा होतो. तिथली धावपट्टी जेमतेम ६५० मीटरची. पश्चिमेकडून येणारं विमान कॉल द ला तुर्मांत या खिंडीतल्या रस्त्यावरून अगदी खालून येतं, टेकडीच्या उताराला धरून धावपट्टीवर टेकतं, आणि धावपट्टी संपते तिथे सें-जाँचा किनारा सुरू होतो. अंधार पडल्यावर वाहतूक बंद. इथे उतरायला वैमानिकाकडे या विमानतळापुरती वेगळी मान्यता असावी लागते.

म्हणून जेट जातं ते सेंट मार्टिन बेटाच्या डच बाजूला, प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळावर. कोड टीएनसीएम, धावपट्टी २,३०० मीटर. तिथून पिलाटस पीसी-१२, ट्विन ऑटर किंवा आयलँडरसारख्या छोट्या विमानाने दहा-पंधरा मिनिटांत सेंट बार्ट्स. ग्राहकाच्या लेखी ही एकच ट्रिप असली तरी तुमच्या फाइलीत दोन उड्डाणं, दोन ऑपरेटर आणि दोन वेगळे प्रदेश असतात: सेंट मार्टिनची ही बाजू नेदरलँड्सच्या राज्याचा भाग, सेंट बार्ट्स फ्रान्सचं. सगळी आखणी दुसऱ्या, छोट्या उड्डाणापासून मागे यायची. न्यूयॉर्कपासून पुढे जायला लागलात की दुपारी चारच्या सुमाराला अडकलातच.

२७ डिसेंबरचं उदाहरण घेऊ. त्या दिवशी सेंट बार्ट्सचा सूर्यास्त साधारण पावणेसहाला. छोट्या विमानांचे ऑपरेटर त्याआधी बरंच अंतर राखतात, तेव्हा ज्युलियानाहून संध्याकाळी ५ ला सुटणारं विमान हे शेवटचं समजायचं. जेटच्या दारापासून छोट्या विमानाच्या दारापर्यंत कागदपत्रं, सामान उतरवणं-वजन करणं आणि गर्दी धरून दीड तास. म्हणजे जेट ३:३० ला थांबलेलं हवं. न्यूयॉर्कच्या शेजारच्या टेटरबरो या खासगी जेटच्या विमानतळाहून अंतर सुमारे १,५०० नॉटिकल मैल. मिडसाइझ जेटला टॅक्सीसकट चार तास धरा. निघायची शेवटची वेळ ११:३०, पण ती सेंट मार्टिनची. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ एक तास मागे असतं, म्हणून तिथली १०:३०. आता यातून पंखांवरचा बर्फ काढायला पाऊण तास, हवाई वाहतूक नियंत्रणाच्या उशिरासाठी अर्धा तास आणि उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी अर्धा तास वजा करा. ग्राहकाला पावणेनऊची वेळ द्या. 'दहा वाजता चालेल ना?' असं तो विचारणारच. तेव्हा हे गणित त्याला लिहून पाठवा. नुसतं 'नाही' म्हटलं की तो दुसऱ्या दलालाला फोन करतो, आणि तो दलाल हो म्हणतो.

घड्याळाचा घोळ इथे फार होतो. सेंट मार्टिन आणि सेंट बार्ट्स वर्षभर झुलू (म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ) वजा ४ वर असतात, घड्याळ बदलत नाहीत. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची वेळ तीच, हिवाळ्यात एक तासाचा फरक. मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार या दोन तारखांच्या आजूबाजूच्या ट्रिपा पुन्हा एकदा तपासा. पुण्या-मुंबईत बसून रात्रपाळीत ही डेस्क सांभाळत असाल तर फरक साडेनऊ तासांचा: तिथला डिसेंबरचा सूर्यास्त तुमच्याकडे पहाटे सव्वातीनला, पुढच्या तारखेला. म्हणून फाइलीत सगळ्या वेळा झुलूमध्ये ठेवा आणि ग्राहकाच्या कागदावर स्थानिक वेळ, विमानतळाच्या नावासकट.

खरं घोडं पेंड खातं ते पार्किंगपाशी. १५ डिसेंबर ते ५ जानेवारी, फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेच्या अमेरिकी सुटीचा आठवडा, मार्चमधली सेंट बार्ट्सची बकेट रेगाटा ही नौकाशर्यत आणि ईस्टर, या दिवसांत ज्युलियानाच्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या फरसबंदीवर, जागेची मारामारी असते. पूर्वपरवानगी, म्हणजे पीपीआर, हाती आल्याशिवाय ग्राहकाला वेळ पक्की सांगू नका. पीपीआर मागताना विमानाचा नोंदणी क्रमांक, प्रकार, पंखांची रुंदी, कमाल उड्डाणवजन, येण्या-जाण्याची झुलू वेळ आणि 'प्रवासी उतरवून लगेच निघणार' की 'मुक्काम' हे सगळं एकाच मेलमध्ये द्या. गर्दीच्या दिवसांत बहुधा पहिलंच पदरात पडतं: प्रवासी उतरवा, सामान काढा, जागा मोकळी करा.

मग विमान ठेवायचं कुठे? जवळचे पर्याय म्हणजे सॅन हुआन (सुमारे १७० नॉटिकल मैल), सेंट क्रॉय, अँटिग्वा, आणि पोर्तो रिकोच्या पश्चिम टोकाचं अग्वादिया, जिथे साडेतीन किलोमीटरची जुनी लष्करी धावपट्टी आहे आणि जागा सहसा मिळते. सॅन हुआनही नाताळात भरतं, तेव्हा तिथलं पार्किंग ज्युलियानाच्या पीपीआरबरोबरच मागा. त्यातही नवे लोक हमखास एक गोष्ट विसरतात. पोर्तो रिको ही अमेरिकेची भूमी. प्रवासी नसलेलं, नुसत्या दोन वैमानिकांचं विमान सॅन हुआनला नेणं म्हणजेही अमेरिकेत प्रवेश. ईएपीआयएस या अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर क्रूची यादी, सीमाशुल्क खात्याची उतरायची परवानगी, सगळं लागतं. आणि प्रवासी घ्यायला परत निघताना बाहेर जाण्याची यादी पुन्हा. विमान रिकामं आहे म्हणून कागद कमी होत नाहीत.

इंधनाचा विचारही पार्किंगशी बांधलेला आहे. गर्दीच्या दुपारी ज्युलियानावर इंधनाच्या गाडीची वाट पाहत बसलात तर दिलेली वेळ संपते आणि मागचं विमान हवेत घिरट्या घालत राहतं. शक्य असेल तर न्यूयॉर्कहून निघतानाच सॅन हुआनपर्यंतचं आणि राखीव इंधन घ्या. उतरायचं कमाल वजन ओलांडत नाही ना, हे वैमानिकांकडून लेखी घ्या. बेटावर उतरताना पर्यायी विमानतळ म्हणून सॅन हुआन, अँटिग्वा किंवा ग्वादलूप धरतात, त्यामुळे हे राखीव इंधन तसंही बरंच असतं.

क्रूची वेळ याच कागदावर मांडा. अमेरिकेच्या पार्ट १३५ खाली, म्हणजे चार्टर उड्डाणांच्या नियमांखाली, दोन वैमानिकांना २४ तासांत १० तास उड्डाण, साधारण १४ तासांची ड्यूटी आणि १० तासांची विश्रांती हा हिशोब असतो. पावणेनऊला निघणारा क्रू सव्वासातला हजर. जेट ज्युलियानाला न्यूयॉर्कच्या पाऊणच्या सुमाराला पोहोचतं, तासाभरात निघून सॅन हुआनला तीनच्या आत. भरपूर जागा आहे. हेच उड्डाण दुपारी एकवर ढकललं तर क्रूचे तास पुरतातच. हुकतो तो सेंट बार्ट्सचा सूर्यास्त. नवा माणूस क्रूचे तास तपासतो आणि निश्चिंत होतो, घात इथे होतो.

सामान. सेंट बार्ट्सच्या उड्डाणात खरी मर्यादा वजनाची आणि दाराच्या मापाची. आठ प्रवाशांच्या जेटमधून उतरणारं सामान एका पीसी-१२ मध्ये प्रवाशांसकट मावेलच असं नाही. ग्राहकाच्या सहायकाला 'किती बॅगा?' असं विचारू नका, कारण उत्तर 'नेहमीइतक्या' असं येतं. प्रत्येक प्रवाशाचं खरं वजन, बॅगांची संख्या, कठीण कवचाच्या किती, सर्वांत मोठ्या बॅगेची लांबी-रुंदी-उंची, गोल्फचे संच, मुलांच्या गाड्या: हा तक्ता भरून मागा. मऊ बॅगा कोपऱ्यात दाबून बसतात, मोठ्या कडक सूटकेसी दारातच अडतात. वजन जास्त निघालं तर तीन मार्ग: दुसरं छोटं विमान, सामानासाठी वेगळी फेरी, किंवा बोट. सेंट मार्टिन ते सेंट बार्ट्सचं बंदर गुस्ताविया, फेरीबोटीला पाऊण ते एक तास लागतो. सामान बोटीने आणि माणसं विमानाने ही विभागणी तिथे कोणाला नवी नाही.

ती बोट हवामानासाठीही हाताशी ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारीत पूर्वेचे व्यापारी वारे जोर धरतात, तिथे त्यांना 'ख्रिसमस विंड्स' म्हणतात. सेंट बार्ट्सच्या टेकडीवर अशा दिवसांत हवा खूप हेलकावे देते, आणि गंमत म्हणजे खाडीही त्याच दिवसांत खवळलेली असते. समुद्र लागणारा प्रवासी असेल तर बोट हा पर्याय कागदावरच राहतो. मग त्या रात्रीसाठी सेंट मार्टिनला हॉटेल धरून ठेवा, रद्द करता येईल असं. उन्हाळ्यात सहाराची धूळ येऊन दृश्यमानता घसरते; ज्युलियानाला त्याने फारसं बिघडत नाही, पण डोळ्यांनी पाहून उतरायच्या विमानांचं बिघडतं. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. ६ सप्टेंबर २०१७ च्या इर्मा वादळाने ज्युलियानाचं टर्मिनल मोडून टाकलं होतं.

न्यूयॉर्कहून सरळ मार्ग खुल्या अटलांटिकवरून, न्यूयॉर्क ओशनिकच्या हवाई क्षेत्रातून जातो. तिथे साधा रेडिओ पोहोचत नाही. विमानात लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ आणि ऑपरेटरकडे आरएनपी १० किंवा आरएनपी ४ (मार्ग किती अचूक धरता येतो याचे निकष) ची मान्यता पाहा. नसेल तर फ्लोरिडा-बहामाजच्या बाजूने वळसा, काहीशे मैल जास्त, आणि छोट्या जेटला मध्ये इंधनाचा थांबा. त्यातून वर काढलेलं गणित कोलमडतं. किनाऱ्यापासून ५० नॉटिकल मैलांपलीकडे जाणाऱ्या चार्टर उड्डाणाला सगळ्यांना पुरतील इतके तराफेही लागतात. हे सगळं विमानाच्या नोंदणी क्रमांकासमोर तपासायचं, नुसत्या मॉडेलसमोर नाही. आदल्या रात्री ऑपरेटर 'तेच मॉडेल आहे, फक्त विमान दुसरं देतोय' म्हणून कळवतो, आणि त्या दुसऱ्यात एचएफ नसतो. शिवाय पीपीआर, उतरायची परवानगी, विमा, ईएपीआयएस हे सगळं जुन्या क्रमांकावर निघालेलं. विमान बदललं की फाइल पहिल्यापासून. केप कॅनाव्हेरल आणि टेक्सासहून होणाऱ्या रॉकेट प्रक्षेपणांच्या वेळाही पाहत जा. १६ जानेवारी २०२५ ला स्टारशिप रॉकेटचे तुकडे टर्क्स अँड केकोस बेटांवर पडले तेव्हा या भागातल्या विमानांना वळावं लागलं, काहींना हवेतच थांबावं लागलं.

परवान्यांचं थोडक्यात: पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या उड्डाणाला सिंट मार्टिनच्या (म्हणजे बेटाच्या डच बाजूच्या) नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची परवानगी, सोबत ऑपरेटर प्रमाणपत्र, नोंदणी, उड्डाणयोग्यता आणि विम्याची प्रत. विम्याची तारीख ट्रिपच्या मध्येच संपत नाही ना, तेवढं पाहा. प्रवाशांचं ऑनलाइन इमिग्रेशन कार्ड आदल्या दिवशीच भरून घ्या. प्रवाशांमध्ये भारतीय पासपोर्ट असेल तर दोन्ही बेटांचे नियम वेगवेगळे तपासा. सेंट बार्ट्स फ्रेंच असलं तरी शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालेलच असं गृहीत धरू नका.

परतीला घाई नसते, म्हणून लोक ढिले पडतात. ईएपीआयएसची यादी निघण्याच्या किमान ६० मिनिटं आधी जायला हवी, आणि यादी गेली म्हणजे उतरायची परवानगी मिळाली असं नव्हे; ती प्रवेशाच्या विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून वेगळी घ्यायची. दक्षिणेकडून येणाऱ्या चार्टर जेटला सर्वसाधारण नियमाने सीमेलगतच्या ठरलेल्या विमानतळावर आधी उतरावं लागतं. थेट टेटरबरोला जायचं तर ऑपरेटरकडे ओव्हरफ्लाइट सवलत हवी. ती आहे का, हे ट्रिप विकतानाच विचारा. कुत्रा असेल तर १ ऑगस्ट २०२४ पासून त्याचं वय किमान ६ महिने, अंगात मायक्रोचिप आणि सीडीसी या अमेरिकी आरोग्यसंस्थेचा आयात फॉर्म लागतो. फॉर्मची पावती क्रूकडे द्या. उरलेलं खाणं अमेरिकेत साध्या कचऱ्यात टाकता येत नाही. ते घ्यायची सोय उतरायच्या एफबीओकडे (विमानतळावर खासगी विमानांची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीकडे) आहे का, तेही त्याच मेलमध्ये विचारून टाका.

या कामाला पदवी अमुकच हवी असं नाही. पार्ट १३५ ऑपरेटरला परवानाधारक डिस्पॅचर (उड्डाणाची आखणी आणि देखरेख करणारा) ठेवण्याचं बंधन नाही, ते पार्ट १२१ च्या एअरलाइन्सना आहे. तरी एफएए या अमेरिकी विमान वाहतूक नियामकाचा डिस्पॅचर परवाना (किमान २०० तासांचा अभ्यासक्रम, परवान्यासाठी वय २३) हाती असला की हवामान, इंधन आणि मार्ग यांवर वैमानिकांशी बरोबरीने बोलता येतं. तोवर जुन्या फाइली उघडा आणि विमानतळावरच्या सेवांची (हॅन्डलिंगची) बिलं विमान थांबल्या-सुटल्याच्या वेळांशी ताडून पाहा. प्रवासी उतरवून तासाभरात निघून गेलेल्या विमानावर रात्रीच्या पार्किंगचं भाडं लावलेलं सापडतं ते तिथेच, आणि पीपीआरचा मेल जोडून पाठवला की ते वजाही होतं.