पहिलं ओव्हरक्लॉकिंग आणि काळी स्क्रीन

रायझन ५ २६०० प्रोसेसर आहे माझ्याकडे, ३.४ गिगाहर्ट्झवाला, सोबत आलेलाच कूलर. म्हटलं ओव्हरक्लॉकिंग करून बघू, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. रात्री जेवण झाल्यावर बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरलो आणि मल्टिप्लायर, म्हणजे मूळ १०० मेगाहर्ट्झला ज्याने गुणायचं तो आकडा, थेट ४२ केला, १०० गुणिले ४२, ४.२ गिगाहर्ट्झ, व्होल्टेज मात्र घाबरून १.२५ च ठेवलं (शहाणपणा बघा, वेग वाढवला की व्होल्टेजही जास्त लागतं), सेव्ह केलं आणि संपलं. फॅन फिरतायत, स्क्रीन काळी. आई म्हणाली, "जाळलास ना?"

जळलं काही नव्हतं. स्विच बंद, वायर काढली, आता बायोस रीसेट करायला बोर्डावरचा सेल काढायचा तर तो नेमका ग्राफिक्स कार्डाखाली, मग आधी कार्ड उपसा, मग नखाने क्लिप दाबून सेल काढला, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, दहा मिनिटं चहा. परत लावल्यावर बायोसची सेटिंग सगळी मूळपदावर, तारीखसुद्धा.

दुसऱ्यांदा ३.७ पासून एकेक पायरी चढलो, दर वेळी अर्धा तास स्ट्रेस टेस्ट, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकून टिकतो का बघायचं. ३.९ ला १.३ व्होल्टवर तापमान ८१ डिग्री, ४ ला टेस्ट मधेच बंद पडली आणि व्होल्टेज अजून वाढवायचं तर हा कूलर काय झेपवणार, म्हणून ३.९ वरच ठेवलंय. कूलर बदलला की बघू.