अर्धवट कुजलेला मोठा ओंडका लेथवर कातताना

पेठ-सुरगाण्याकडच्या बांधावरचा एखादा जुना रायवळ आंबा वादळात पडला, की त्याचे सरळ खोड वखारीत जाते आणि बेचक्यातले, पोकळीलगतचे बेढब तुकडे सरपणाच्या ढिगात येऊन पडतात. नाशिकमध्ये लेथवर मोठे वाडगे किंवा परडीसारखी भांडी कातू पाहणाऱ्याच्या वाट्याला बहुधा याच ढिगातला ओंडका येतो. आणि त्यात वाईट काही नाही, कारण अर्धवट कुजलेल्या आंब्यात ज्या बारीक काळ्या रेषा आणि फिकट ढगाळ पट्टे उमटतात, ते निरोगी लाकडात शोधूनही सापडत नाहीत. झाड शहराच्या हद्दीतले असेल तर मात्र ते परस्पर तोडू किंवा उचलू नये. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून पडलेल्या झाडाबद्दलही आधी महापालिकेत विचारून घेणे बरे.

या काळ्या रेषा बुरशीच्या असतात. लाकडात शिरलेल्या दोन बुरशी एकमेकींना भिडतात तेथे त्या गडद रंगाची भिंत घालतात, आणि ओंडका चिरल्यावर ती भिंत आपल्याला रेषेसारखी दिसते. लाकूड पांढुरके करणारी बुरशी कातकामाच्या दृष्टीने उपयोगाची आहे, कारण ती तंतू हळूहळू पोखरते आणि मधल्या टप्प्यावर लाकूड रंगीत पण अजून टणक असते. उलट ज्या कुजीत लाकूड तपकिरी होऊन चौकोनी ढेकळांसारखे फुटते, तो भाग कशानेही सावरत नाही. तो सरळ चुलीत घालावा. बुरशीला ओल लागते, लाकडातील पाण्याचे प्रमाण साधारण वीस टक्क्यांच्या खाली गेले की तिची वाढ थांबते. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात मातीवर टेकलेला ओंडका आपल्याकडे झपाट्याने रंगतो आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत आहे त्या अवस्थेत थांबतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी टोकाची एक चकती कापून आत पाहावे. आणखी थोडे थांबू म्हणत दुसरा पावसाळा लागू देणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा भुसाच येतो.

ओंडका घरी आणल्यावर प्रथम सुतारी टोच्या आणि हातोडी घेऊन तासभर बसावे. हातोडी मारल्यावर खणखणीत आवाज येतो तेथे लाकूड निरोगी असते, आणि भद्द आवाज येतो तेथे आत पोकळी किंवा कूज असते. टोच्या जोर लावूनही दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नसेल तर तो भाग पक्का समजावा. सेंटिमीटरभर जाऊन अडकत असेल तर तो फोपसा, म्हणजे घट्ट करून कातता येण्याजोगा. आणि बोटाने उकरता येत असेल तर तो आधीच काढून टाकावा. हे तिन्ही भाग खडूने वेगवेगळ्या खुणांनी ओंडक्यावरच आखावेत. भांड्याचा आकार कागदावर आधी ठरवून तो ओंडक्यावर लादण्याचा मोह होतो, पण येथे आकार खडूच्या खुणा ठरवतात, आणि त्यातही पहिला प्रश्न असा असतो की लेथची पकड कोणत्या निरोगी भागात बसणार.

याचे उत्तर कूज आतून आली की बाहेरून, यावर अवलंबून असते. जुन्या आंब्याचा गाभा बहुधा आतून पोकळ होत जातो. असा ओंडका गाभ्यातून उभा चिरून दोन अर्धुके केली आणि सालीकडचा भाग भांड्याचा तळ, गाभ्याकडचा सपाट भाग भांड्याचे तोंड असे ठरवले, तर कुजलेला बराचसा भाग भांडे पोकळ करतानाच निघून जातो. एरवी फेसप्लेट, म्हणजे लेथला ओंडका स्क्रूने जोडणारी गोल पोलादी चकती, आधी याच सपाट भागावर बसवतात, पण येथे नेमकी तीच जागा कुजलेली असते. म्हणून सालीकडची बाजू करवतीने व रंध्याने सपाट करून फेसप्लेट तेथे बसवावी. जमिनीवर पडून बाहेरून कुजलेल्या ओंडक्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याचा तळ गाभ्याकडे आणि तोंड सालीकडे ठेवावे, म्हणजे फोपसा भाग काठावर येतो, जेथे त्याच्यावर भार नसतो आणि रंगही सर्वांत चांगला दिसतो. दोन्ही प्रकारांत प्रत्यक्ष गाभ्याची दोन-तीन सेंटिमीटरची पट्टी चिरतानाच वेगळी काढावी, नाहीतर वाळताना तेथूनच भेग जाते.

आता यंत्राकडे वळू. ४० सेंटिमीटर व्यासाचा आणि ३० सेंटिमीटर लांबीचा आंब्याचा ओला ओंडका तीस किलोच्या पुढे भरतो. अर्धुकाही पंधरा किलोहून अधिक असते. खाटेचे पाय आणि कठडे कातणारे जे लेथ आपल्याकडे सर्रास दिसतात, ते लांब असतात पण त्यांचा फिरण्याचा मध्यबिंदू बिछान्यापासून, म्हणजे लेथच्या खालच्या लांब पायापासून, फार उंच नसतो, त्यामुळे एवढा व्यास त्यांच्यावर फिरतच नाही. मध्यबिंदूच्या उंचीच्या दुपटीपेक्षा ओंडक्याचा व्यास कमी आहे, हे आधी मोजावे. लेथ काँक्रीटमध्ये बोल्टने पक्का असावा. वेग कमी करण्यासाठी व्ही.एफ.डी., म्हणजे विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणारी पेटी, बसवली असेल तरी पट्टा सर्वांत मंद पुलीवरच घ्यावा. पन्नास हर्ट्झची मोटर नुसत्या व्ही.एफ.डी.ने पंधरा हर्ट्झवर चालवली, तर तिचा पंखाही तेवढाच मंदावतो, मोटर तापते आणि जोर अपुरा पडतो. पावसाळ्यात वीज जाते आणि येते, म्हणून साधे बटन न ठेवता वीज गेल्यावर आपोआप सुटणारा स्टार्टर बसवावा, म्हणजे वीज परत आल्यावर ओंडका आपल्या नकळत फिरू लागणार नाही.

फेसप्लेट किमान १५ सेंटिमीटर व्यासाची असावी. बाजारात मिळाली नाही तर नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहान वर्कशॉपमधून, स्पिंडलच्या, म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्याच्या, आट्याचा नमुना देऊन, जाड पोलादी प्लेटची करून घेता येते. तिला आठ स्क्रू लावावेत, आणि प्रत्येक स्क्रू पक्क्या लाकडात पन्नास मिलिमीटर तरी शिरलेला असावा. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू अजिबात वापरू नयेत. ते कडक पण ठिसूळ असतात आणि आडव्या झटक्याने मुंडीपाशी तुटतात. एखादा स्क्रू शेवटपर्यंत सहज फिरत गेला, तर तेथे कूज आहे असे समजून फेसप्लेट हलवावी. फोपशा लाकडात गोंद ओतून स्क्रू पक्का करता येतो असे सांगणारे भेटतात, पण त्या सल्ल्यावर पंधरा किलो वजन फिरवण्याची माझी तयारी नाही.

फेसप्लेट बसवण्यापूर्वी ओंडका लेथच्या दोन टोकदार आधारांमध्ये सैलसर धरून हाताने फिरवून सोडावा. जड बाजू खाली येऊन थांबते. कुजलेली बाजू हलकी असल्यामुळे आकाराचा मध्य आणि वजनाचा मध्य येथे एक नसतात. केंद्रबिंदू जड बाजूकडे थोडा थोडा सरकवत जावे, आणि ओंडका कोठेही सोडला तरी जवळपास तेथेच थांबू लागला, की ती जागा फेसप्लेटसाठी पक्की करावी. बाहेरची बाजू पूर्ण गोल होईपर्यंत टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाकडून ओंडका दाबून धरणाऱ्या भागाचा, आधार काढू नये.

वेगासाठी एक जुना आडाखा आहे: इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान ठेवावा. त्याप्रमाणे सोळा इंचांच्या कामाला सुमारे पावणेचारशे ते साडेपाचशे फेरे येतात, पण हा आडाखा निरोगी, तोललेल्या लाकडाचा आहे. कुजलेल्या ओंडक्याची सुरुवात दीडशे-दोनशे फेऱ्यांवर करावी, आणि लेथ थरथरू लागण्याच्या थोडे खालीच राहावे. यंत्र सुरू करताना ओंडक्याच्या फिरण्याच्या रेषेत, म्हणजे त्याच्या समोर, कधीही उभे राहू नये. माझ्या एका ओंडक्याची तळहाताएवढी ढलपी, साल अजून चिकटलेली, सुरू करताच सुटून छताच्या पत्र्यावर आदळली. मी बाजूला होतो म्हणून पोचा पत्र्याला आला. तेव्हापासून सैल साल लेथवर चढवण्यापूर्वीच पटाशीने काढून टाकतो.

कातताना अडचण अशी येते, की एकाच फेऱ्यात पटाशीच्या धारेखालून टणक आणि मऊ लाकूड आळीपाळीने जाते. जोर लावला तर पटाशी मऊ भागात घुसते आणि पुढच्या टणक भागावर आपटते. त्यामुळे टूल रेस्ट, म्हणजे पटाशी टेकवायची पट्टी, लाकडाच्या अगदी जवळ ठेवून, गोल पटाशीचा धारेमागचा उतार लाकडावर टेकवून, हात स्थिर ठेवून दोन मिलिमीटरहून पातळ काप घ्यावेत. पटाशीची वाट हाताने ठरवावी, लाकडाला ठरवू देऊ नये. स्क्रॅपर, म्हणजे कापण्याऐवजी खरवडणारे हत्यार, फोपशा भागात तंतू मुळासकट उपटतो, तो येथे टाळलेलाच बरा. शेवटच्या दोन-तीन कापांपूर्वी प्रत्येक वेळी धार लावावी.

फोपसा भाग तंतू सोडू लागला की थांबून त्याला घट्ट करावे. लहान जागेसाठी पाण्यासारखा पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद उत्तम, पण तो काही मिलिमीटरच मुरतो, म्हणून थोडे कातून पुन्हा लावावा लागतो. फिकट लाकडावर त्याचे डाग पडतात. आधी स्पिरिटमध्ये पातळ केलेल्या लाखेचा एक हात दिला तर डाग कमी होतो. हा गोंद सुती चिंधीने पुसू नये, कारण कापसाशी त्याची प्रक्रिया इतकी जलद होते की चिंधी चटका बसण्याइतकी तापते आणि धूर येतो. मोठ्या पोकळीत इपॉक्सी थराथराने भरावे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते लवकर आवळते आणि जाड थर स्वतःच्याच उष्णतेने तडकतो, म्हणून हे काम पहाटे करावे.

ओले भांडे एकदम शेवटच्या जाडीला नेऊ नये. व्यासाच्या एक दशांश, म्हणजे ४० सेंटिमीटरला चार सेंटिमीटर, भिंत ठेवून ते उतरवावे, त्यावर तारीख व वजन लिहून वर्तमानपत्रात गुंडाळावे आणि वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावे. दर आठवड्याला वजन करावे. सलग तीन-चार आठवडे ते उतरले नाही, तर भांडे हवेइतके वाळले असे समजावे. फोपसा आणि पक्का भाग वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यामुळे ते वेडेवाकडे होते. चार सेंटिमीटरची जाडी त्या वाकडेपणासाठीच ठेवलेली असते.

पुन्हा चढवून अंतिम जाडीला आणल्यावर पॉलिश पेपर मऊ गादीवर न घेता लाकडी ठोकळ्यावर घ्यावा, नाहीतर फोपसा भाग आधी झिजून तेथे खळगे पडतात. या लाकडाच्या धुळीत बुरशीचे कणही असतात; कातताना आणि घासताना दोन्ही वेळा एन-९५ मास्क व पूर्ण चेहऱ्याची ढाल वापरावी, आणि दम्याचा त्रास असणाऱ्याने हे लाकूड हाती घेऊ नये. तेल लावले तर फोपसा भाग ते अधिक पितो आणि काळवंडतो, काळ्या रेषा त्यात बुडून जातात. लाखेचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर हलकेच घासून, दिले तर रंग जसाच्या तसा राहतो. अशा भांड्यात आमटी-भाजी वाढू नये. सुकी फळे किंवा देवघरातली फुले ठेवायला ते चांगले.